माउसशिवायही अर्ज भरता आला पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या शाखेत नव्या प्रणालीचं प्रशिक्षण झालं. शिकवणारे दोन तास ‘इथे क्लिक करा, आता तिकडे क्लिक करा’ असंच सांगत होते. मी विचारलं, “सर, याला कुठली कळ आहे?” ते म्हणाले, “मॅडम, माउसनेच करा, सोपं पडतं.” मला दिसत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांच्यावर राग नाही. वाईट याचं वाटलं की उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं.

माझी नजर चोविसाव्या वर्षी गेली. मिरजेत एका सहकारी बँकेत मी सतरा वर्षं काम करते आहे. माउसचा बाण कुठे आहे ते मला कळत नाही, म्हणून माझा संगणक म्हणजे कीबोर्ड आणि कानातला आवाज. हा आवाज पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या मोफत सॉफ्टवेअरचा. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र सोबत आला. या दोघांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. सकाळी खुर्चीत बसले की माझ्या तर्जनी आधी ते शोधतात आणि मग सगळा कीबोर्ड बोटांना ‘दिसतो’. मराठीसाठी मी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिकले. त्यात ‘क’च्या कळेवर शिफ्ट धरलं की ‘ख’, ‘त’वर धरलं की ‘थ’. बाराखडी येत असेल तर निम्मं पाठांतर आपोआप होतं. एक्सेलमध्ये कंट्रोल धरून खालचा बाण दाबला की रकान्यातल्या शेवटच्या आकड्यावर जाता येतं. मधे एखादी चौकट रिकामी असली तर ते तिच्या आधीच थांबतं, आणि कुणाची नोंद राहून गेली ते मला तिथेच समजतं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा खाते क्रमांक एकेक करून कॉपी-पेस्ट करायचा. त्याला मी विंडोज आणि व्ही या कळा एकत्र दाबायला दाखवलं. ते एकदा चालू केलं की कॉपी केलेल्या शेवटच्या पंचवीस गोष्टी हाताशी राहतात. आता तोच मला नव्या कळा शोधून सांगतो.

पण कळा पाठ असून भागत नाही. मध्यंतरी आईसाठी एका संकेतस्थळावर अर्ज भरत होते. टॅब दाबत दाबत सगळ्या चौकटी भरल्या. शेवटचं ‘सादर करा’ मात्र टॅबला सापडेना. पुन्हा वरपासून खाली गेले, शिफ्ट-टॅबने उलटी आले, तरी नाही. अखेर शेजारच्या सहावीतल्या मुलीला हाक मारली. तिने एक क्लिक केलं आणि अर्ज गेला. आईची सगळी माहिती त्या वेळी पडद्यावर उघडी होती.

असं का होतं? संकेतस्थळ बनवणाऱ्याने रीतसर बटण वापरलं तर टॅब, एंटर, स्पेस त्यावर आपसूक चालतात. साध्या मजकुराच्या चौकटीलाच रंग देऊन, फक्त क्लिक ओळखेल एवढीच सोय केली, तर डोळ्यांना ते बटण वाटतं, कीबोर्डच्या लेखी ते नसतंच. पासवर्डसाठी पडद्यावरच्या कळा माउसनेच दाबायला लावणारी पानंही याच जातीची. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं आहे.

कुठलंही नवं पान लोकांसाठी खुलं करण्याआधी ते बनवणाऱ्यांनी माउसची वायर काढून ठेवावी आणि एक अर्ज पहिल्या चौकटीपासून पोचपावतीपर्यंत स्वतः भरून बघावा. मनगट दुखणाऱ्यांना आणि हात थरथरणाऱ्या ज्येष्ठांनाही त्याचा उपयोग होईल. पुढच्या प्रशिक्षणात प्रत्येक क्लिकसोबत त्याची कळही सांगावी, असं मी आमच्या मुख्य कार्यालयाला लेखी कळवलं आहे. पत्र मीच टाइप केलं.

— एक दृष्टिहीन बँक कर्मचारी, मिरज