केसांचा नियम करा, पण कात्री आमच्याकडेच राहू द्या

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

शाळेतल्या पोरांचे केस नि कपडे यावरून आपल्या पेपरात पत्रं येतायत, कोण म्हणतं शिस्त पाहिजे, कोण म्हणतं मुलांचं स्वातंत्र्य आहे की नाही, म्हटलं आपण पण लिहू कारण या विषयात रोज हात घालणारा माणूस मी आहे. भांडुप पश्चिमेला माझं सलून आहे, वडिलांचं होतं, आता मी बघतो. आधीच सांगून टाकतो, शाळांनी नियम कडक केले की माझाच धंदा वाढतो, जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या रविवारी दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसायला जागा नसते, तेव्हा मी जे लिहितोय ते गल्ल्याच्या विरोधातच आहे असं समजा.

गणवेश हवाच, त्यावर माझा काही वाद नाही. आमच्याकडे टेंभीपाडा, कोकण नगरमधल्या चाळीतली पोरं आणि एलबीएस रोडवरच्या नवीन टॉवरमधली पोरं एका बाकावर बसतात, सगळ्यांनी एकच शर्ट-पॅन्ट घातली की कोणाच्या बापाकडे गाडी आहे आणि कोणाचा बाप रिक्षा चालवतो ते निदान वर्गात तरी दिसत नाही. महापालिकेच्या शाळेत तर २७ वस्तू फुकट मिळतात, गणवेश, बूट, दप्तर, वह्या, गरिबाच्या घरात त्याची किंमत काय असते ते मला माहितीय. तक्रार एवढीच की खाजगी शाळांनी अमुकच दुकानातून घ्या म्हणून मागे लागू नये, आणि जुलैच्या पावसात पांढरे कॅनव्हासचे बूट कंपल्सरी करू नयेत, ज्याने कोणी हा नियम काढला त्याने ते बूट एकदा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एका रात्रीत वाळवून दाखवावेत.

पण कपडे आणि केस एका माळेत ओवू नका. शर्ट दुपारी घरी आल्यावर काढून खुंटीला लावता येतो, केस नाही ना लावता येत. ते पोराबरोबर संध्याकाळी ग्राउंडवर जातात, मामाच्या लग्नाला जातात, मे महिन्यात गावाला जातात, गणपतीत आरतीला उभे राहतात. म्हणजे शाळा सात ते साडेबाराची, आणि केसांचा नियम मात्र चोवीस तासांचा. म्हणून माझं म्हणणं, कपड्यांवर शाळेचा जेवढा हक्क आहे त्याच्या निम्मा पण केसांवर नाही. तिथे नियम करायचाच तर जपून आणि थोडकाच करावा.

आता नियम कसे असतात ते बघा. एका शाळेच्या डायरीत लिहिलंय 'केस बारीक असावेत'. बारीक म्हणजे किती हो? आमच्या मशीनला नंबर असतात, एक नंबर म्हणजे तीन मिलिमीटर, दोन म्हणजे सहा, चार म्हणजे जवळपास तेरा, यातलं बारीक कुठलं ते डायरी सांगत नाही. दुसऱ्या शाळेत केस कॉलरला टेकता कामा नयेत, तिसरीत कानावर येता कामा नयेत, चौथीत फेड चालत नाही. फेड म्हणजे खाली बारीक आणि वर जाताना हळूहळू वाढवत नेलेले केस, बाकी काही नाही, जो मिलिट्री कट सगळ्यांना आवडतो तो पण एक फेडच आहे. पीटीचे सर पोराला म्हणतात मिलिट्री कट मारून ये, मी मारून देतो, दुसऱ्या दिवशी क्लास टीचर म्हणतात ही फॅशन झाली, जा परत. तो परत आला की मला सगळं डोकं एका नंबरवर आणायला लागतं आणि त्याचे पैसे मी घेत नाही, कुठल्या तोंडाने घेणार.

पोरांची बाजू घेतोय म्हणजे पोरं साधी असतात असं नाही. मोबाईलवर कुठल्यातरी क्रिकेटरचा फोटो घेऊन येतात, काका असाच मारा, साईडला दोन लाईन पाडा, पुढे कलर करा. कलर मी दहावीपर्यंतच्या पोरांना करत नाही, कोणी कितीही पैसे देऊ दे, ब्लीचने कोवळी कातडी भाजते, डोळ्यांतून पाणी येतं. शाळेने कलरला बंदी घातली तर मी टाळ्या वाजवीन. डोळ्यावर केस येतात, फळा दिसत नाही, तिथे पण शाळेने बोलावं, बोललंच पाहिजे.

मागच्या पावसाळ्यात सातवीतला एक मुलगा भर दुपारी शाळेच्या कपड्यात दुकानात आला. शाळेचं नाव लिहीत नाही. कपाळावरची झुलपं मधोमध कापलेली, अगदी मुळापर्यंत, वर्गात क्राफ्टची कात्री पडली होती तीच सरांनी चालवली म्हणे सगळ्यांसमोर. खुर्चीत बसला पण आरशात बघेना, मान खाली ती खालीच, मला दोन बोटांनी हनुवटी वर करायला लागली. अशा वेळी आमच्याकडे इलाज एकच असतो, जिथे सगळ्यात आखूड झालंय त्या मापाला बाकीचं डोकं आणायचं, म्हणजे सगळं उतरवणं आलं. उतरवलं. बाहेर बाकड्यावर पेपर वाचत बसलेला एक जण सहज बोलून गेला, काय रे बाळा, घरात कोण गेलं का? तो काही वाईट माणूस नव्हता, आपल्याकडे पोरगं तसं दिसलं की हेच विचारतात. पण पुढचे महिनाभर त्या पोराला गल्लीत, ट्यूशनला, दुकानात कितीजणांनी तेच विचारलं असेल याचा हिशोब त्या सरांनी केला होता का?

आणि दुसरं, खुर्चीत बसलं की डोक्याचं सगळं आम्हाला कळतं. एखाद्याला चाई पडलेली असते, रुपयाएवढा गोल चट्टा, आई म्हणते भाऊ वरून जरा लांब ठेवा, झाकलं जाईल. एखाद्याला लहानपणी पडून खोक पडलेली असते, टाक्यांवर केस येत नाहीत. एखाद्याला पुढेच भोवरा असतो, बारीक केलं की केस काट्यासारखे उभे राहतात आणि सरांना वाटतं याने मुद्दाम स्पाइक काढले. हे पोर वर्गात उभं राहून सगळ्यांसमोर सांगेल का, सर मला चाई आहे म्हणून? मार खाईल पण सांगणार नाही. ज्यांना टापटीप पाहिजे त्यांनी आधी एवढं तरी एकट्यात बोलावून विचारावं.

हे असं एखाद्याच शाळेत होतं असं कोणी म्हणू नये. २०१७ मध्ये आमच्या बाजूलाच विक्रोळीत एका शाळेत २५ पोरांचे केस कापले होते, केस कापून आले नाहीत म्हणून, आणि शाळेचा डायरेक्टर, पीटी टीचर आणि ऑफिसातला माणूस अशा तिघांना पोलिसांनी अटक केली होती, पेपरात सगळ्यांनी वाचलंय. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मुलाला मारायलाही मनाई करतं आणि मानसिक छळ करायलाही. सगळ्या वर्गासमोर डोक्यावर कात्री चालवणं हे दोन्हींत बसतं असं मला वाटतं, वकील लोकांनी काय ते बघावं. मी माझ्या धंद्यातलं सांगतो, आम्ही गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलतो, कंगवे धुतो, मशीन पुसून घेतो, कारण नायटा एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातो, उवा जातात. पीटीचे सर एकच कात्री घेऊन अख्ख्या रांगेवरून जातात. स्वच्छतेसाठी केस कापतोय म्हणतात वर.

ज्यांना वाटतं केस म्हणजे फालतू विषय, त्यांना एक आठवण करून देतो. याच मुंबईत १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आमच्या नाभिक लोकांनी एकत्र येऊन ठरवलं होतं की विधवा बायकांचं केशवपन आम्ही करणार नाही. पोटावर पाय येत होता तरी ठरवलं. दुसऱ्याच्या डोक्यावरचे केस त्याच्या मनाविरुद्ध काढायचे म्हणजे त्याला खाली बघायला लावायचं, हे त्या वेळी वस्तरा हातात असलेल्या माणसांना कळलं होतं, आणि ती काही शाळा शिकलेली माणसं नव्हती.

मुलींचं वेगळंच. माझ्या मुलीचे केस कुरळे, शाळा सकाळची, दोन घट्ट वेण्या, वर करून बांधलेल्या, रिबीन लावून, एक बट सुटली की डायरीत रिमार्क. पहाटे तिची आई डबा करू की वेणी घालू अशी असते. केस बांधून या एवढं सांगितलं तर एक पोनी चालेल की, दोनच वेण्या कशाला ते अजून मला कोणी समजावलेलं नाही. सणाचं पण तेच, राखी बांधली, मेंदी काढली म्हणून दुसऱ्या दिवशी बाहेर उभं करायचे, शेवटी २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगाला राज्यांना पत्र लिहायला लागलं की असल्या गोष्टींवरून शिक्षा करू नका म्हणून. श्रावणात काही घरात केस कापत नाहीत, सुतकात कापत नाहीत, नवस असतो कोणाचा. आजोबा गेले म्हणून पंधरा दिवस केस न कापलेलं पोर शाळेने परत पाठवलेलं मी बघितलंय.

लांब केसांनी शिस्त बिघडते म्हणणाऱ्यांनी सायन कोळीवाड्याला, जीटीबी नगरला जाऊन यावं. सरदारजींची पोरं पटका बांधून शाळेत येतात, त्यांच्या डोक्याला कात्री लागत नाही, शाळा ते मान्य करते आणि केलंच पाहिजे, त्याने वर्ग बिघडला असं तर कधी ऐकलं नाही. मग शिस्त केसाच्या लांबीत नाही एवढं तरी कबूल करा. आता कोणी म्हणेल तो धर्म आहे, इथे नुसती हौस आहे. बरोबर आहे, हौसेला धर्माएवढा मान देऊ नका, थोडा आवर घाला, पण गुन्हा केल्यासारखं पण वागवू नका.

बाकी वरून नियम आला की काय होतं ते सरकारने स्वतःच दाखवलं. २०२४-२५ ला 'एक राज्य एक गणवेश' काढला, कापड एकीकडून आलं, शिलाई बचत गटांच्या बायकांकडे, १५ ऑगस्ट आला तरी कित्येक पोरांना गणवेश नाही आणि ज्यांना मिळाले त्यांच्या मापाचे नाहीत, शेवटी वर्ष संपायच्या आत निर्णय परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. २०२४ च्याच मार्चमध्ये शिक्षकांना पण ड्रेस कोड आला, जीन्स नको, टीशर्ट नको, तेव्हा काही शिक्षकच नाराज झाले, आम्हाला काय घालायचं ते कळतं म्हणाले. मला पटलं त्यांचं. फक्त हीच गोष्ट नववीतल्या पोराने म्हटली तर ते उर्मट कसं ते कळत नाही. चेंबूरच्या कॉलेजचं हिजाबबंदीचं प्रकरण तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, पण ते कॉलेज, मोठी मुलं, त्यात मी पडत नाही.

माझं मागणं फार नाही. डायरीत जे लिहाल ते मापात लिहा, पुढे भुवईच्या वर, मागे कॉलरच्या वर, लांब ठेवायचे तर बांधून या, कलर नाही, झालं, मुलगा-मुलगी दोघांना तेच. ॲडमिशनच्या वेळेलाच पालकांना दाखवा, नंतर मध्येच बदलू नका. केस वाढले तर घरी चिठ्ठी पाठवा आणि आठवडाभर द्या, पगार झाल्याशिवाय दोन पोरांचे केस कापायला न येणारी घरं माझ्याकडे भरपूर आहेत. गणिताच्या तासाला पोराला माझ्याकडे पाठवू नका, माझं दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं. आणि शाळेत कोणीही, अगदी हेडमास्तरांनी सुद्धा, पोराच्या डोक्याला कात्री लावायची नाही.

पुढच्या जूनच्या डायऱ्या छापायला जायच्या आधी एक पालक सभा या विषयावर घ्या, दोन मोठी मुलं बसवा आणि एरियातला एखादा सलूनवाला पण बोलवा. सोमवारी ठेवलीत तर मी येईन, दुकान बंद असतं.

आपला,
एक सलूनवाला, भांडुप (प.)