विषय: ओल्या कचऱ्याचं "२४ तासांत खत" करतं म्हणून विकलेलं मशीन परत घ्या

काल तुमच्या कस्टमर केअरला पाचवा कॉल झाला आणि तिकडून फोन ठेवला गेला, म्हणून आता लेखी.

मशीन तुमचंच आहे, त्यामुळे आत काय होतं ते तुम्हाला माहीत असणारच. तापवतं, सुकवतं, दळतं. बस्स. ह्याला खत कुठल्या हिशोबाने म्हणता? खत जिवाणू करतात, त्यांना ५०-६० टक्के ओलावा लागतो, हवा लागते, नायट्रोजनच्या २५-३० पट कार्बन लागतो म्हणून तर ओल्या कचऱ्यात सुका पाला घालायचा, मग ढीग आपला आपण ५५-६० डिग्रीपर्यंत तापतो, निवतो, आणि पुढे मुरायला महिने जातात. तुम्ही ओलावाच उडवून टाकता, मग जिवाणूंनी काम करायचं कशावर?

तुमची ती पावडर कुंड्यांमध्ये मिसळून पाणी घातलं, तिसऱ्या दिवशी वर पांढरी बुरशी, बोट खुपसलं तर माती कोमट आणि आंबूस वास. म्हणजे कुजायला सुरुवात कुंडीत झाली, मुळांशेजारी! जिवाणूंनी मातीतला नायट्रोजन ओढून घेतला आणि पानं पिवळी पडली.

हे सगळं सांगितल्यावर तुमचा माणूस म्हणतो, "मॅडम, बुरशी आली म्हणजे खत ॲक्टिव्ह आहे." बरं, मग पानं पिवळी का? "पाणी कमी घाला." म्हटलं, पाणी कमी घालून काय होणार? "मग बुरशी येणार नाही मॅडम." आणि झाड? त्यावर दोन मिनिटं म्युझिक ऐकवलं आणि परत येऊन विचारतो काय, "तुम्ही याआधी कधी खत केलंय का?"

अहो अकरा वर्षं ड्रममध्ये करतेय! ढीग खालीवर करायला पाठ साथ देईना म्हणून तुमचं मशीन घेतलं, हौस म्हणून नाही. आणि मला विचारतात खत केलंय का. मला!

उरलेली पावडर ड्रममध्ये टाकलीय, सुका पाला, थोडं जुनं खत विरजण म्हणून, आणि मुठीत दाबल्यावर जेमतेम थेंब सुटेल इतकं पाणी. चौथ्या दिवशी मधोमध हात धरवेना इतकं गरम. म्हणजे खत होतंय, पण तुमच्या मशीनच्या बाहेर.

पूर्ण पैसे परत हवेत आणि बॉक्सवर "खत" ऐवजी "सुकवलेला कचरा" छापा. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर ग्राहक न्यायालयात भेटू, कुंड्यांचे फोटो तारखेसकट ठेवलेत. मशीन न्यायला माणूस पाठवाल तेव्हा तो फोनवालाच पाठवा, ड्रममध्ये हात घालून बघू दे.