गरोदर ऊसतोड महिलांची दुसरी साखर तपासणी

महोदय,

दसरा झाला की आमच्या पाटोदा तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांत गरोदर बायाही असतात. त्यांची पहिली साखर तपासणी आम्ही उपकेंद्रात करतो, दुसरी मात्र राहून जाते.

सरकारी सूचना स्पष्ट आहे. नोंदणीच्या वेळी एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर 140 किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. उपाशी यायची गरज नाही, भाकरी खाऊन आली तरी चालतं. पण ‘पहिली चांगली आली ना, मग कशाला?’ असं घरचे म्हणतात. वारेतली संप्रेरकं पुढच्या महिन्यांतच इन्सुलिनला जास्त विरोध करतात आणि साखर तेव्हा वाढू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ‘राबणाऱ्या बाईला कुठली साखर?’ हेही मी नेहमी ऐकते.

आमच्या गावच्या एका सुनेची तिसऱ्या महिन्यातली साखर 112 होती. सातव्यात ती फडात मोळ्या वाहत होती. कार्डावर दुसऱ्या तपासणीची जागा कोरीच. बाळ सव्वाचार किलोचं झालं, बाळंतपणात खांदा अडकला, जन्मल्यावर बाळाची साखर उतरली. दोघंही वाचली. पण तिची साखर आधी कळली असती तर आहार सांभाळता आला असता, लागलं असतं तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन देता आलं असतं. एवढी साधी तपासणी तिला मिळू नये, याचा मला फार त्रास होतो.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी कारखान्याने फडावर गाडी पाठवावी आणि मुकादमाने खाडा कापू नये. गाव सोडतानाच आशाताईंनी दुसऱ्या तपासणीची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहावी आणि ज्या तालुक्यात टोळी जाणार तिथे यादी कळवावी.

मधुमेह निघालेल्या आईची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनीही साखर बघायची असते, कारण तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका जास्त. बाळाच्या पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोसही तेव्हाच असतो. ही तपासणी मात्र उपाशीपोटीच सुरू होते, तेव्हा लसीचा निरोप देतानाच आईला सकाळी न खाता यायला सांगावं.

– एक आरोग्य सेविका, ता. पाटोदा, जि. बीड