कपाट आवरायच्या आधी

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, परवा फोनवर म्हणालीस की जुने कपडे धुऊन, इस्त्री करून गाठोडं बांधलंय, तुझ्या पिशव्या शिवायला होतील तर घेऊन जा. फाटके, विटलेले वेगळे काढलेत, ते टाकायचे. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि मग लक्षात आलं की टाकायला काढलेलेच मला हवेत. आधी ते थांबव.

का, ते नीट सांगतो. माझ्याकडे शिवायला येणारं बहुतेक कापड माणूस गेल्यावर येतं. मुलगी वडिलांचे सात शर्ट टेबलावर ठेवते आणि म्हणते, यातून भावंडांसाठी तीन पिशव्या करा. मी विचारतो, यातला त्यांचा लाडका कुठला? ती एकेक उचलून बघते, वास घेते आणि परत ठेवते. ज्याला विचारायचं तोच नसतो. आई, आता तू ‘काहीतरी अभद्र बोलू नकोस’ म्हणशील. म्हण, पण पुढे वाच.

शर्टाचं कापड सगळीकडे सारखं उरत नाही. कॉलरच्या घडीवर, कोपरांवर, काखेत ते विरतं. धड राहते ती पाठ, आणि सलग मोठा तुकडाही तिथेच मिळतो. म्हणून पिशवी पाठीतून बेतायची, हे साधं गणित. पण बाबांचा शर्ट पाठीवरून कोण ओळखणार? मी ओळखीन तो खिशावरून, पेन गळून पडलेल्या त्या निळ्या डागावरून. आई, तुझ्या रोजच्या सुती साडीचं तेच. पदराच्या ज्या टोकाला तू किल्ल्यांची गाठ मारायचीस, ते टोक आता जाळीसारखं झालं असेल. विकत घेणाऱ्याच्या लेखी ते चिंधी, माझ्या लेखी साडीतलं पहिलं कापायचं ठिकाण.

अशा विरलेल्या तुकड्याला ओझं पेलायला लावायचं नाही, एवढं पाळलं की झालं. तो मऊ सुती कापडावर ठेवून बारीक हातटाक्यांनी सगळीकडून धरायचा. आत नवं जाड कॅनव्हास, त्यावर अस्तर. पट्टे जुन्या कापडाला न शिवता आतल्या कॅनव्हासला शिवायचे, चौकोन घालून त्यात फुली मारायची. सामानाचा सगळा भार तिथे जातो. फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं गोंद लावलेलं अस्तर, सोपं पडतं, पण गोंद एकदा बसला की कापड खराब केल्याशिवाय निघत नाही. म्हणून फार नाजूक तुकड्यांना मी ते लावत नाही.

जुनं कापड जपून हाताळायला मी चूक करूनच शिकलो. सुरुवातीला एका बाईंची रेशमी साडी हातात घेतली. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली. उलगडताना घडीच्या रेषेवर सरळ चिरली, कात्री लावायच्या आधीच. काय बोलावं सुचेना. त्यांनी चिरलेला भाग हातात घेतला आणि म्हणाल्या, इथपर्यंतच धरा. उरलेल्या कापडाचे मी दोन बटवे केले, पण ती दुपार काही विसरता येत नाही. तुझ्या रेशमी साड्या मला नकोत, पण तेवढ्या काढून घड्या बदलून ठेव. जुन्या रेषेवर पुन्हा घडी घालू नकोस.

बाबा, तुमच्यासाठी एक गंमत. कुठलंही कापड हातात आलं की मी आतल्या मार्जिनमधून त्याचे दोन धागे ओढून जाळून बघतो. सुती असेल तर कागदासारखा वास येतो, रेशीम केस जळल्यासारखं वास मारतं आणि पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. इस्त्री किती तापवायची ते यावरून ठरतं. मागच्या खेपेला तुमच्या आकाशी शर्टाचे दोन धागे काढले होते. ‘शंभर टक्के कॉटन’ म्हणून तुम्ही मिरवता तो. गोळी झाली. आईला सांगू नका.

अमेरिकेत अलाबामामधल्या जीज बेंड या वस्तीतल्या मिसूरी पेटवे नावाच्या बाईंनी १९४२ साली, नवरा गेल्यावर, त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. तिचे फोटो मी कितीदा पाहिलेत. विटलेलं, डागाळलेलं काहीही त्यांनी लपवलेलं नाही. मी मात्र गिऱ्हाइकाला बरं दिसावं म्हणून डाग शिवणीत ढकलायचो. अलीकडे सोडलंय ते.

तर आता गाठोडं सोडा आणि दोघं मिळून एकदा बसा. ‘चांगला’ कपडा निवडू नका, ज्याच्याबद्दल काही सांगण्यासारखं आहे तो निवडा. आई, तुला नेसायला कुठली बरी वाटायची, बाबांनी कुठला शर्ट चार वेळा रफू करायला लावला, हे चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी दोऱ्याच्या सैल टाक्याने कपड्यावर अडकवा. टाचणी नको, तिचा गंज कापडावर उतरतो आणि मग निघत नाही. धुतलंस ते बरंच झालं, घामाचे डाग राहिले तर कापड खातात. फक्त तो शाईचा डाग घासून काढला नसशील, अशी आशा करतो.

कापायच्या आधी प्रत्येक कपड्याचा उलटसुलट फोटो घेईन आणि माप आधी जुन्या चादरीवर बेतून बघेन. कात्री लागली की मागे फिरता येत नाही. एखादा तुकडा देववत नसेल तर ठेवून घ्या, मी दुखावणार नाही.

आणि बाबा, तो खिशाला डाग पडलेला शर्ट तुम्ही अजून घालत असाल, तर चिठ्ठी लिहा पण शर्ट पाठवू नका. घाई नाही.

तुमचा,
धाकटा