रिपोर्ट बाबांच्या व्हॉट्सॲपवर गेला

संपादक महोदय,

नमस्कार. दरवर्षी १ डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन आला की पेपरात लाल रिबिनीचा फोटो येतो, कॉलेजच्या पोरापोरींची रॅली, कुणाचातरी संदेश, आणि २ तारखेला सगळं गार. पण एचआयव्ही आणि संबंधातून लागणाऱ्या बाकीच्या आजारांची टेस्ट कुठे करायची, कशाकशाची करायची, तिथे गेल्यावर काय विचारतात हे काही मला आजवर वाचायला मिळालेलं नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त रक्तदानाचा भाग ठेवा.

मी २६ वर्षांचा, गाव बार्शीकडचं, चार वर्षं पुण्यात नोकरी. सध्या लग्नाचं चाललंय, मुलगी माझी मैत्रीणच. तिचं आधी एक नातं होऊन गेलं, माझंही, लपवाछपवी काही नाही. तर ती एक दिवस म्हणाली की आपण दोघं एकदा सगळ्या टेस्ट करून घेऊ, आणि म्हणाली कशी तर गाडीची पीयूसी संपलीये, काढून घे म्हणतात तशी. मला आधी राग आला, माझ्यावर विश्वास नाही का वगैरे डायलॉग पण मारले, मग गप बसलो कारण मुद्दा बरोबर होता.

सरकारी दवाखान्यात लाईन असणार असं धरून मी प्रायव्हेट लॅबमधे गेलो. एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल नावाची रक्ताची टेस्ट, हिपॅटायटिस बी आणि सी (म्हणजे काविळीचे प्रकार), आणि लघवीची क्लॅमिडिया-गनोरियाची पीसीआर, म्हणजे जंतू शोधायची टेस्ट. शेवटच्या टेस्टचं बिल बघून डोळे पांढरे झाले पण म्हणलं जाऊदे. बाकड्यावर बसलो, शेजारी एक आजी शुगरसाठी आलेल्या, आणि आतून आवाज, "एचआयव्ही कोणाची आहे? पुढे या!" आजींनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. (खरंच घेतली.)

पण खरी मजा संध्याकाळी. मागच्या वर्षी मला डेंग्यू झाला तेव्हा बाबा पुण्यात आले होते आणि त्याच लॅबमधे त्यांनी स्वतःचा मोबाईल नंबर दिलेला. यावेळी काउंटरवरच्या मुलीने नाव टाकलं, तुमचं जुनं रजिस्ट्रेशन आहे म्हणाली आणि क्लिक केलं. झालं. रिपोर्टची पीडीएफ थेट बाबांच्या व्हॉट्सॲपवर. बाबांचं किराणा दुकान आहे, संध्याकाळची गर्दी, त्यात त्यांनी चष्मा लावून झूम करून सगळा वाचला आणि फोन केला, "अरे तुझे कसले रिपोर्ट आलेत, सगळीकडे नॉन रिॲक्टिव्ह नॉन रिॲक्टिव्ह लिहिलंय, हे चांगलं का वाईट?" मी म्हणलं चांगलं. "बरं," म्हणाले आणि ठेवला. त्या एका "बरं"चा अर्थ लावत मी आठवडा काढला.

लॅबला फोन केला तर "सर सिस्टीममधे तोच नंबर होता". एवढंच. माझं नशीब रिपोर्ट निगेटिव्ह होता, पण पॉझिटिव्ह असता तर? आणि माझ्या जागी एखादी मुलगी असती तर? एचआयव्हीसाठी तर २०१७ चा कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. टेस्टच्या आधी संमती घ्यायची, आधी आणि नंतर समुपदेशन करायचं, कुणाला एचआयव्ही आहे हे त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही. माझी संमती म्हणजे नाव आणि वय विचारलं ती. समुपदेशन म्हणजे "मूठ घट्ट करा".

रिपोर्ट समजावून सांगायला कुणीच नव्हतं म्हणून १०९७ वर फोन केला, ही सरकारी एड्स हेल्पलाइन, फुकट आहे. तिकडून पहिला प्रश्न, शेवटचा संबंध कधी आला? म्हणजे लागण झाली तरी टेस्टमधे दिसायला वेळ जातो, त्याला विंडो पिरियड म्हणतात, आणि त्या काळात निगेटिव्ह आलं तर त्यावर नाचायचं नाही. मला सांगितलं तीन महिने झाले की जवळच्या आयसीटीसीत परत करा. आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, बोर्डावर एवढं लांबलचक नाव, पण त्या सरकारी हॉस्पिटलात वॉचमनपासून मावशीपर्यंत सगळे त्याला सोळा नंबर म्हणतात.

तर मी सोळा नंबरला गेलो. छोटी खोली, दार बंद होतं हे महत्त्वाचं, टेबलावर कंडोम कसा लावायचा ते दाखवायचं लाकडी मॉडेल आणि त्यावर स्वच्छ रुमाल टाकलेला. समोर पन्नाशीच्या ताई. लग्न झालंय का, पार्टनर बाई की पुरुष की दोन्ही, कंडोम वापरता का, हे सगळं त्यांनी रेशनकार्डावर नावं चढवतात त्या आवाजात विचारलं. ना भुवई वर गेली ना उपदेश. पैसे शून्य. पहिल्या किटवर काही दिसलं म्हणजे संपलं असं नसतं, तीन वेगवेगळ्या टेस्ट केल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, आणि पॉझिटिव्ह आलं तरी औषधं सरकारकडून फुकट, नीट घेतली तर व्हायरस इतका दबतो की संबंधातून दुसऱ्याला लागत नाही, हे सगळं त्यांनी टेस्टच्या आधी सांगितलं. रिपोर्ट माझ्या हातात दिला. बाहेर माझा मित्र बसलेला, तो म्हणाला मी घेतो, तर त्याला नाही दिला.

सरकारी तेवढं चांगलं असंही नाही. वेळ सकाळची, नोकरी करणाऱ्याला हाफ डे टाकावा लागतो. तिथे एचआयव्ही आणि सिफिलिस होतं, क्लॅमिडिया-गनोरियाच्या टेस्ट बहुतेक ठिकाणी होत नाहीत. त्यासाठी सुरक्षा क्लिनिक म्हणून सरकारी गुप्तरोग दवाखाने आहेत पण तिथे लक्षणं बघून रंगीत किटमधल्या गोळ्या देतात. ज्याला लक्षणच नाही त्याचं काय? आणि क्लॅमिडियात, खास करून बायकांना, बहुतेक वेळा लक्षणच नसतं, पुढे मूल होत नाही म्हणून दवाखान्याच्या चकरा सुरू होतात तेव्हा कधीतरी कळतं.

लक्षणं गेली म्हणजे आजार गेला हे तर सगळ्यात डेंजर. माझ्याच रूमवरच्या एकाला खाली एक फोड आला होता, दुखत नव्हता, महिन्याभरात आपोआप गेला, त्याने देवाला नारळ फोडला. दोन महिन्यांनी तळहातावर आणि तळपायावर लालसर डाग. आधी साबण बदलला, मग मेसवाल्याला शिव्या, मग मेडिकलवाल्याने ॲलर्जीची गोळी दिली. शेवटी एका स्किनच्या डॉक्टरांनी तळहात बघितला आणि व्हीडीआरएल लिहून दिली. सिफिलिस. उपचार काय, तर कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन. एवढ्यात बरा झाला, पण पार्टनरलाही सांगून तिची टेस्ट आणि इंजेक्शन करावं लागलं आणि ते सांगणं त्याला इंजेक्शनपेक्षा जड गेलं. एसटी स्टँडच्या मुतारीत "गुप्तरोग, शर्तिया इलाज"चे कागद चिकटवलेले असतात ना, तो तिथला नंबर पण लावून बसला होता म्हणे.

आता रक्तदान. आमच्या ग्रुपमधले अर्धे म्हणतात मी दरवर्षी शिवजयंतीच्या शिबिरात रक्त देतो, काही असतं तर त्यांनी कळवलं असतं. बाबांनो, ब्लड बँक एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरिया तपासते हे खरं. पण विंडो पिरियडमधलं रक्त तिथूनही निसटू शकतं आणि ते जातं दुसऱ्याच्या अंगात. स्वतःची टेस्ट फुकटात होईल म्हणून शिबिरात बसू नका, त्यासाठी सोळा नंबर आहे. शंका असेल तर त्या फॉर्मवर खरं लिहा नाहीतर चहा-बिस्कीट खाऊन घरी या.

अजून एक डोक्यात आलेलं. माझ्या वहिनीची एचआयव्ही आणि व्हीडीआरएल दोन्ही झालीये, गरोदरपणात, बाकीच्या रक्ताबरोबर, कुणी काही बोललं नाही की कुणाला चारित्र्य आठवलं नाही. दादाची आजपर्यंत एकदाही नाही. बाईची टेस्ट रुटीन आणि पुरुषाने केली की "का रे, काय केलंस?"

माझं मागणं फार नाही. लॅबवाल्यांनी रिपोर्ट कुणाच्या नंबरवर पाठवू हे दर वेळी तोंडाने विचारावं, आणि टेस्टचं नाव हॉलमधे ओरडू नये. आणि तुम्ही रोज सोन्याचा भाव छापता, त्याच्या खाली महिन्यातून एकदा जिल्ह्यातल्या आयसीटीसी आणि सुरक्षा क्लिनिकचा पत्ता आणि वेळ छापा.

बाबांचं राहिलं. दिवाळीत घरी गेलो, दुकानात माल लावत होतो, तर ते पाठमोरेच म्हणाले, तुझ्या त्या रिपोर्टमधे काविळीचंही होतं ना, बी का काय ते, मी आपल्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले पोराला लस नसेल तर तीन डोस घ्यायला सांगा. (आमच्या लहानपणी ही लस सरकारी यादीत सगळीकडे नव्हती.) मी म्हणलं दोन झालेत, तिसरा बाकी आहे. "घे मग," म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "मला पण लागेल का रे?"

नाव-पत्ता सोबत दिलाय पण कृपया छापू नका. एवढं सगळं लिहून हे म्हणतोय, कळतंय मला. पण तुमचा पेपर आमच्या दुकानात येतो आणि दुपारी आई त्याच्या पुड्या बांधते.

आपला,
एक वाचक, पुणे