आडनाव 'को' आहे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या क्रीडापानावर तैवानच्या पूलपटू भावांवर छोटी चौकट होती. पूल म्हणजे टेबलावरचे बॉल स्टिकनं पॉकेटात घालायचा खेळ. मराठीत पूल म्हटलं की नदीवरचाच आठवतो, त्यामुळे या खेळावर चार ओळी दिसल्या याचंच अप्रूप वाटलं. पण शीर्षक होतं 'यी आणि चुंग यांची कमाल'. नातवानं लगेच विचारलं, "आजोबा, सख्खे भाऊ ना? मग आडनावं वेगळी कशी?"

आडनाव एकच आहे, 'को'. तिकडे ते आधी लिहितात. थोरला को पिन-यी, जन्म १९८९ चा. को पिंग-चुंग १९९५ चा. तिसरा भाऊ को पिंग-हानही हाच खेळ खेळतो, त्याचं तर नावच चौकटीत नाही. गंमत अशी, की चिनी लिपीत तिघांच्याही नावातलं मधलं अक्षर एकच आहे. रोमन स्पेलिंगमध्ये मात्र थोरल्याच्या वाट्याला 'पिन' आलं आणि बाकीच्यांच्या 'पिंग'. तुमच्या शीर्षकानं नेमका हा सामायिक भागच कापला.

'दोघंही विश्वविजेते' एवढं लिहून चौकट मोकळी झाली. कशाचे विश्वविजेते? पिन-यीनं २०१५ मध्ये नाइन-बॉल आणि टेन-बॉल या पूलच्याच दोन प्रकारांची विश्वविजेतेपदं मिळवली. दोहाच्या नाइन-बॉल अंतिम सामन्यात त्यानं अमेरिकेच्या शेन व्हॅन बोएनिंगला १३-११ असं हरवलं. पिंग-चुंगचं २०१९ चं विजेतेपद टेन-बॉलचं. लास व्हेगासला त्यानं जर्मनीच्या जोशुआ फिलरला १०-७ नं नमवलं, आणि फिलर म्हणजे २०१८ चा नाइन-बॉल विश्वविजेता.

हा फरक किरकोळ नाही. नाइन-बॉलमध्ये टेबलावरच्या सर्वांत लहान नंबरला आधी स्पर्श झाला, की नऊ नंबर फ्लूकनं गेला तरी तो डाव तुमचा. मुलाबरोबर पूल पार्लरमध्ये खेळताना मी एकदा तीन नंबरला मारलं, तो तीन नंबर चुकून नऊला धडकला आणि नऊ घरंगळत कोपऱ्यातल्या पॉकेटात गेला. मुलगा म्हणाला, "बाबा, जिंकलात." आयुष्यभर कॅरम खेळलेला माणूस मी, पण मान वर करायची लाज वाटली. टेन-बॉलमध्ये ही मेहेरबानी नाही. कोणता बॉल कोणत्या पॉकेटात, ते आधी बोलून मारावं लागतं.

फोटोखाली 'स्नूकरपटू' छापलंय, तेही चूक. स्नूकरचं टेबल बारा फुटी, यांचं नऊ फुटी. शिवाय नावासमोर एकदा 'तैवान' आणि एकदा 'चायनीज तैपेई' आल्यानं नातवाला ते दोन देश वाटले. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तैवानचे खेळाडू 'चायनीज तैपेई' या नावानं उतरतात, एवढी एक ओळ कंसात चालली असती.

भावाचा हात धरून टेबलापाशी आलेला खेळाडू आपल्याकडेही आहेच. पुण्यात जन्मलेला बिलियर्ड्स-स्नूकरपटू पंकज अडवाणी. त्याला थोरल्या भावानं, श्रीनं स्नूकरकडे आणलं. पुढे श्री क्रीडा मानसशास्त्राकडे वळला. को घरात मात्र तिघांच्याही हातात स्टिक आहे. चौकटीला जागा होती तर यावर लिहायला हवं होतं.

येत्या रविवारी दुरुस्ती छापलीत, तर निदान आडनाव तेवढं आधी घ्या. नातू कात्रण काढून ठेवणार आहे.

कळावे,
आपला एक जुना वाचक, डोंबिवली