नाशिकमध्ये बेसबॉलसाठी कायमचे मैदान हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवार-रविवारी मित्रासोबत सिन्नर-संगमनेरमार्गे एसटीने पुणे गाठून बेसबॉलचे सामने पाहिले. उत्तम खेळ पाहायला मिळाला, तरी त्यासाठी नाशिककरांना शहर सोडावे लागावे याची खंत वाटते.

या खेळाला ९० फूट बाजूंचा चौकोन आणि होम प्लेटपासून (फलंदाज जिच्याशेजारी उभा राहतो ती पाटी) ६० फूट ६ इंचांवर पिचरसाठी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यासाठी, मातीचा उंचवटा लागतो. त्यामुळे क्रिकेटच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून काम भागत नाही. बॅटची कड लागलेला चेंडू वेगाने मागे उडतो, म्हणून होम प्लेटच्या पाठीमागे उंच, भक्कम जाळी अत्यावश्यक असते. आम्ही गेलो तिथे ती बांबूंना सुतळीने बांधलेली होती आणि तिच्यालगत लहान मुले बसली होती, हे पाहून काळजी वाटली.

अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामन्यांना गर्दी करणारे नाशिककर नऊ डावांचा, साधारण तीन तासांचा हा खेळही आवडीने पाहतील. महापालिकेने एका मोकळ्या क्रीडांगणावर पक्का उंचवटा, लोखंडी खांबांची जाळी आणि प्रेक्षकांसाठी सावलीतील बाक यांची सोय करावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक, नाशिक